बहारीन मास्तरचा आदराचा तास

शिक्षकाला 'ते' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मीही बहारीन मास्तरला पुष्कळ वर्षं 'ते' म्हणत आलो. आता म्हणत नाही. माणूस जाऊन बराच काळ झाला, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना बहुधा बहारीन मास्तर भेटलेला नसावा.

त्याचं खरं नाव दिगंबर. पण कर्जतच्या बाजारात त्या नावानं चौकशी केली असती तर कोणाला पत्ता सांगता आला नसता. बहारीनला तो पाच वर्षं एका गोदामात कारकून होता. आलेल्या खोक्यांवर खडूनं खुणा करायच्या, एवढंच काम. तिथून परत आला आणि दहिवलीत घर बांधलं, पण आव असा की तिथल्या राजाचा दिवाणच रजेवर आलाय. घरातसुद्धा काळा चष्मा. अंगाला अत्तर इतकं, की तो ओट्यावर आला हे रस्त्यावर कळावं. पाणी पिताना 'आमच्या बहारीनला', जिना उतरताना 'आमच्या बहारीनला'. उंटावरचा शहाणा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, पण माणूस बघायला मिळाला तो दहिवलीत.

त्याच्या मनगटावरचं घड्याळ बहारीनची वेळ दाखवायचं. आपल्याहून अडीच तास मागे. ते त्यानं कधी पुढे केलं नाही, आणि बोलायचाही त्याच घड्याळानं. मला म्हणाला, "रविवारी साडेतीनला ये." मी चैत्रातल्या उन्हात साडेतीनला जाऊन पोचलो. दार बंद. कुंपणाच्या दगडावर सहापर्यंत बसलो. सहाला दार उघडून तो म्हणतो कसा, "वा! वक्तशीर आहेस." मी म्हटलं, सर, मी कधीचा आलोय. त्यानं मनगट पुढे केलं आणि काटा दाखवला. त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

ही गोष्ट सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची. तेव्हा आखातात जायची लाट होती. वेल्डर, ड्रायव्हर, गवंडी, जो तो निघाला होता. मास्तरनं ओळखलं की आपल्याला जे चार शब्द येतात ते इथं कोणालाच येत नाहीत, आणि घराच्या पडवीत अरबीचा वर्ग काढला. वासरांत लंगडी गाय शहाणी. लिहिता-वाचता त्याला अरबी येत नव्हतं; फळ्यावर तो सगळं देवनागरीत लिहायचा. पण मुंबईच्या एका एजंटाशी त्याची ओळख होती, आणि मास्तरची चिठ्ठी असल्याशिवाय तो एजंट आमच्या भागातल्या माणसाला दारात उभं करत नसे. आम्ही अरबीसाठी जात होतो असं कोणी समजू नये. आम्ही चिठ्ठीसाठी जात होतो.

आम्ही तिघं होतो. खालापूरचा युसुफ, टेंपो चालवायचा. काशिनाथ, वेल्डर, शेतकऱ्याच्या घरातला, कधीही न चिडणारा. आणि मी. मी खोपोलीच्या एका कारखान्यात वायरमन होतो. उपाशी नव्हतो. पण आमच्या घरानं छप्पन साली धर्म बदलला तरी आजूबाजूच्यांनी काही बदललं नव्हतं. पंखा बिघडला की बंगल्यातून बोलावणं यायचं, आणि मी शिडीवर चढलो की खालून प्रश्न यायचा, "कुणाचा रे तू?" मला अशा ठिकाणी जायचं होतं, जिथं शिडीवरच्या माणसाला एवढंच विचारतात की पंखा चालू झाला का. त्यासाठी मी उंटावरच काय, उंटाखाली बसायलाही तयार होतो.

मास्तरनं पहिल्याच दिवशी मला नाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावावरून त्याला अंदाज येईना. मग म्हणाला, "घर कुठल्या बाजूला तुमचं?"

"ओढ्यापलीकडं."

"हं," तो म्हणाला. मग खुर्चीत मागे रेलला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "हरकत नाही. बहारीनला असलं काही नसतं."

बहारीनला नसेल. दहिवलीत चहा आला तेव्हा युसुफला, काशिनाथला आणि मास्तरला निळ्या फुलांचे कप होते आणि मला स्टीलचा पेला. काशिनाथ इतका भाबडा, की बरेच दिवस त्याला वाटत होतं मला चहा जास्त मिळतो.

मास्तरची मूळ आवड अरबी नव्हतीच, उपदेश होती. शब्द चार आणि व्याख्यान चाळीस मिनिटं. त्यात त्याचा लाडका विषय म्हणजे आदर. पडवीच्या भिंतीवर त्यानं कॅलेंडरांतून कापलेली चित्रं चिकटवली होती: पोस्टमन, पोलीस, नर्स, बसचा कंडक्टर, झाडूवाला. छडीनं एकेका चित्रावर टक् टक् करायचा. "हे कोण? हे आपल्या गावाचे हात! हे नसले तर तुमचं गाव दोन दिवस तरी चालेल का?" आम्ही नाही म्हणायचो. "मग आदर नको? आमच्या बहारीनला कामावरच्या माणसाला ओलांडून कोणी मुकाट पुढं जात नाही. थांबतात. म्हणतात, अल्ला यातीक लाफिया. देव तुला बळ देवो. आणि तो म्हणतो, अल्ला याफीक. तुलाही देवो. काय संस्कृती! आपले लोक म्हणजे... जाऊ दे. आदर आतून आला पाहिजे, आतून!" आणि आत म्हणजे कुठे ते कळावं म्हणून छातीवर थाप मारायचा.

एका रविवारी त्यानं या धड्याचं नाटुकलं बसवलं. एकानं पोस्टमन व्हायचं, एकानं ड्रायव्हर, एकानं झाडूवाला, आणि बाकीच्यांनी जवळ जाऊन बळ द्यायचं. युसुफ म्हणाला, मी ड्रायव्हर आहेच. काशिनाथच्या हातात जुनी पाकिटं दिली. कोपऱ्यातला खराटा उचलून मास्तरनं माझ्याकडे टाकला. "तू झाडूवाला हो. तुला जमेल."

मी वायरमन होतो. माझ्या खिशात तेव्हाही टेस्टर होता. पण मला चिठ्ठी हवी होती. मी खराटा उचलला आणि पडवीत दोन हात मारले. मास्तर आला, मान लववून म्हणाला, "अल्ला यातीक लाफिया." मी म्हटलं, "अल्ला याफीक." तो खूश झाला. म्हणाला, बघा, किती नैसर्गिक केलं!

हे चालू होतं तेव्हा खिडकीबाहेर खरी झाडूवाली गटारातला गाळ ओढत होती. सगुणामावशी. ग्रामपंचायतीकडे कामाला, आमच्याच वस्तीत राहायची, माझ्या आईच्या वयाची. मास्तरच्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर एक कान तुटलेला कप पालथा पडलेला असे, तो तिचा. चार महिने आम्ही आत बसून जगातल्या समस्त कामगारांना बळ देत होतो, आणि ती चार हातांवर बाहेर होती, आणि मास्तर तिला खिडकीतून म्हणायचा ते वाक्य एकच, "ए, झालं का गं?"

तिनं मला खराटा मारताना पाहिलं होतं. संध्याकाळी वस्तीत भेटली तेव्हा म्हणाली, "त्यो मास्तर काय वरडतो रं दर ऐतवारी?"

मी सांगितलं, "देव तुला बळ देवो, असं म्हणतात तिकडं. काम करणाऱ्याला."

"आस्सं," ती म्हणाली. "देव देतो बळ. त्या मास्तरला म्हनावं, तू आपल्या फुटक्या बाटल्या गटारात टाकू नगंस."

मी हे मास्तरला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि पुढच्याच महिन्यात तेच झालं. अत्तराच्या बाटलीची काच गाळात होती, ती तिच्या तळहातात घुसली. आत आमचा तास रंगात आला होता. नर्सचा धडा. मास्तर सांगत होता की परिचारिका ही कशी रुग्णाची आई असते. खिडकीत सगुणामावशीचा चेहरा आला. "मास्तर, वायच पानी द्या. हात कापला."

त्यानं तिकडे न बघता छडी वर केली. "थांब जरा. तास चाललाय."

आणि धडा पुढे चालू झाला. मला तिचं मनगट दिसत होतं, त्यावरून कोपरापर्यंत आलेली लाल रेघ दिसत होती. मी उठलो नाही. हे मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच लिहितो. मी माझ्या वहीत नर्सला अरबीत काय म्हणतात ते लिहीत होतो.

युसुफ उठला. माठातलं पाणी त्यानं स्वतःच्या निळ्या फुलांच्या कपात घेतलं, बाहेर गेला, तिच्या हातावर ओतलं, पुन्हा भरून तिला प्यायला दिलं, आणि आपला रुमाल फाडून बांधला. आत आला तेव्हा मास्तर कपाकडे बघत होता. हाताकडे नाही, कपाकडे. "तो आता बाहेरच राहू दे," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," युसुफ म्हणाला. "मी बी बाहेरच ऱ्हातो. पानी मागनाऱ्याला थांब म्हनत नाय आमच्यात." त्यानं वही उचलली आणि गेला. अख्ख्या वर्गात अरबी अक्षरं ओळखणारा तो एकटा होता. तो आखातात कधीच गेला नाही. टेंपोच चालवत राहिला. मास्तर आम्हाला म्हणाला, "बघा, शिक्षकाचा आदर नाही." मी आणि काशिनाथनं माना डोलावल्या.

पावसाळा संपल्यावर खबर आली, बहारीनच्या कंपनीचा सुपरवायझर मुंबईला येतोय आणि एजंट त्याला माणसं दाखवायला मास्तरकडे आणणार आहे. मास्तरच्या अंगात आलं. नुसती परीक्षा घेऊन भागणार नव्हतं, आपण गावात काय संस्कार करतोय ते पाहुण्याला दिसायला हवं होतं. त्यानं सत्कार ठेवला. गावाच्या हातांचा सत्कार. एक पोस्टमन, सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई आणि सगुणामावशी. तीन शाली, तीन नारळ, फोटोवाला. आपल्या माणसांना एखाद्याला जवळ करायचं नसेल तर त्याचा सत्कार करतात, तशातली ही गत.

पाहुणा साधा, जाडसा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. पडवीत बसताच त्यानं सिगरेट पेटवली. भिंतीवर मास्तरनं एक अरबी कागद चौकटीत बसवून लावला होता. तिथल्या शेखनं दिलेलं प्रशस्तिपत्र म्हणून तो आलेल्या-गेलेल्याला दाखवायचा. पाहुण्यालाही दाखवलं. त्यानं ते वाचलं, मास्तरकडे बघितलं, आणि घाईघाईनं सिगरेट विझवली. मास्तरला वाटलं, आदरानं. पुढे बहारीनला गेल्यावर तोच कागद मी प्रत्येक गोदामाच्या दारावर पाहिला. धूम्रपान मनाई.

माझी परीक्षा सोपी झाली. पाहुण्यानं खिशातून जळका स्विच काढला, मी तो उघडून काय बिघडलं ते हातवाऱ्यांनी दाखवलं. तो खूश झाला आणि एजंटाला काहीतरी म्हणाला. एजंटानं मला हळूच सांगितलं, "तुला घेतलं. मास्तरची चिठ्ठी तेवढी आण."

मग सत्कार सुरू झाला. पोस्टमनला मास्तरनं स्वतः शाल घातली. नर्सबाईंच्या हातात शाल-नारळ दिला, वाकून नमस्कार केला. तिसरं नाव पुकारलं, आणि सगुणामावशी पुढे आली. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. मास्तरनं तबक उचललं आणि माझ्या हातात दिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "तू दे तिला. तुमच्यातलीच ना?"

मी तबक घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं तबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावरून मास्तरला म्हणाली, "सत्कार तुमी करताय ना, मास्तर? मंग तुमीच द्या की."

फोटोवाला थांबला होता. पाहुणा हसत वाट बघत होता. मास्तर माझ्याकडे चष्म्यावरून डोळे वटारून म्हणत होता, दे. मला समोर माझी चिठ्ठी दिसत होती. तरी मी वळलो आणि तबक टेबलावर परत ठेवलं. पराक्रम केला असं मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही.

मग मास्तरला उठावं लागलं. चिमटीत धरून शाल त्यानं तिच्या खांद्यावर सोडली. नारळ पुढे केला, अगदी टोकाला धरून. सगुणामावशीनं तो घेतला तो त्याच्या बोटांसकट. दोन्ही हातांनी धरून ठेवला, फोटोवाल्याचा दिवा चमकेपर्यंत. एवढा सुंदर फोटो कर्जतमध्ये दुसऱ्या कोणाचा निघाला नसेल.

मास्तर हसत हसत आत गेला. आणि मग मोरीतून पाण्याचा आवाज आला. तांब्या. आणखी एक तांब्या. साबणाची वडी ठेवल्याचा आवाज, पुन्हा तांब्या. पाहुण्यानं काशिनाथला अरबीत विचारलं, तो काय करतोय? आणि काशिनाथनं, ज्याला सहा महिन्यांत एक वाक्य धड आलं नव्हतं, पूर्ण आणि शुद्ध उत्तर दिलं. तो हात धुतोय.

"लेश?" पाहुणा म्हणाला. का?

त्याचं उत्तर आम्हाला शिकवलेलं नव्हतं. पाहुण्यानं एकदा सगुणामावशीकडे बघितलं, एकदा आतल्या दाराकडे, आणि त्याचं हसू गेलं. चहा न घेताच तो उठला.

त्यानंतर दोन रविवार मी मास्तरकडे फिरकलो नाही. काशिनाथची चिठ्ठी झाली होती. माझी मास्तरकडेच होती. मी मनाशी ठरवलं होतं की खोपोलीचा कारखाना बरा. सगुणामावशी विहिरीवर भेटली.

"चिठ्ठी आनलीस का?"

"नाय जाणार मी त्याच्या दारात."

"का रं?"

"असा माणूस, मावशी. तुझा हात लागला तर..."

तिनं घागर कट्ट्यावर ठेवली. "मी त्याचा नारळ फोडला, चटनी वाटली आन् भाकरीसंगं खाल्ली. मला काय त्याची चव वंगाळ लागली नाय. तू कशापायी उपाशी ऱ्हातोस? त्याच्याकडनं कागद घ्यायचा हाय, सोयरीक जुळवायची नाय." मग घागर डोक्यावर घेऊन म्हणाली, "आमाला विमानात बसाया कुनी सांगितलं नाय. तुला सांगितलंय. जा."

मी गेलो. मास्तर ओट्यावर उभा होता, काळा चष्मा लावून. मी खाली अंगणात. तो मला पायऱ्या चढ म्हणाला नाही. एजंटाची दोन पत्रं येऊन गेली होती हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. चिठ्ठी द्यायलाच लागणार होती, कारण माणूस पाहुण्यानं स्वतः निवडलेला होता. पण ती त्यानं फुकट कशी दिली असती? आधी कृतघ्नपणावर बोलला. मग गुरू म्हणजे काय यावर. मग म्हणाला, "तरीपण मी तुला माफ केलं." खिशातून चिठ्ठी काढली आणि खाली धरली.

मी हात पुढे केला. माझी बोटं पोचायच्या आधीच त्यानं ती सोडली. वरच्या पायरीवर पडली, त्याच्या पायांशी.

पुढच्या महिन्यात मी गेलो. आठ वर्षं तिकडे काढली, शिड्यांवर चढलो, कोणी काही विचारलं नाही. परत आलो तोवर मास्तर गेला होता. म्हणजे मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या ओट्यावर, आणि खरं तर पाहिलंही नाही, कारण माझी मान खाली होती. मी कागद उचलायला वाकलो होतो. मास्तरला वाटलं, पोरगं पाया पडतंय. त्यानं एक पाऊल नीट पुढे सरकवलं, माझ्या डोक्यावर हात धरला, केसांना लागणार नाही इतका वर, आणि भरल्या गळ्यानं आशीर्वाद दिला, "यशस्वी हो."

कागद माझ्या मुठीत आला होता. तो हात बाजूला होईपर्यंत मी तसाच वाकून राहिलो.